‘सेल्फ’चा लपंडाव

मोटारीच्या कामात मुरलेल्या मराठी माणसाला ‘सेल्फ’ म्हणजे काय, असे विचारले तर तो आत्मा, अहंकार वगैरेंच्या वाटेला जात नाही. बॉनेट उघडतो आणि इंजिनाच्या बुडाशी बसलेली, मूठभर जाडीची दंडगोल मोटर दाखवतो. इंग्रजीतल्या ‘सेल्फ-स्टार्टर’चा मागचा अर्धा भाग आपण टाकून दिला, पुढचा ठेवला आणि त्याच्याभोवती एक छोटी बोलीच उभी केली. सेल्फ मारतात. सेल्फ उचलतो, उचलत नाही, नुसताच गरगर फिरतो, चिकटून बसतो. जुनी गाडी विकत घ्यायला गेलेला माणूस रंग, टायर पाहायच्या आधी विचारतो, ‘सेल्फवर आहे का धक्क्यावर?’

या बोलीतले सर्वांत अवघड वाक्य मात्र निराळेच आहे : ‘कधी घेते, कधी घेत नाही.’ पूर्ण बंद पडलेली गाडी मिस्त्रीला आवडते. तिच्यात काहीतरी तुटलेले, जळलेले असते आणि ते सापडते. पण सकाळी न उचललेली, दुपारी उचललेली, संध्याकाळी पुन्हा रुसलेली आणि गॅरेजच्या दारात नेल्यावर मात्र पहिल्या झटक्यात सुरू होणारी गाडी हा वेगळा मामला आहे. मालक खोटे बोलतो असे मिस्त्रीला वाटते आणि मिस्त्रीला काम येत नाही असे मालकाला. मग बॅटरी बदलली जाते, तिच्यामागून सेल्फ, त्यानंतर डायनामो. पैसे जातात, आणि दोष गाडीतच राहतो.

आपल्याकडे मोटारीचा इतिहास लिहिला गेला तो बहुतांशी मालकांचा आणि कारखान्यांचा. कोणत्या संस्थानिकाकडे कोणती रोल्स होती, कोणत्या शेठजींनी कारखाना कसा काढला, हे वाचायला मिळते. बिघाडांचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण बिघाड हा निस्तरून विसरायचा असतो. मला वाटते, मोटार आपल्या समाजात कशी रुजली हे बिघाडांच्या बाजूने अधिक स्पष्ट दिसते. त्यातही हा लपंडाव खेळणारा, सुरू होतानाचा विजेचा बिघाड फार बोलका आहे. तो बहुधा कुठल्या एका वस्तूत नसतो, दोन वस्तूंच्या सांध्यात असतो. आणि आपली मोटार मुळातच सांध्या-सांध्यांनी घडलेली होती.

सेल्फच्या आधी हँडल होते. रेडिएटरखालच्या भोकातून लोखंडी हँडल आत सरकवायचे, ते इंजिनाच्या दांड्यात अडकले की ताकदीने फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडल मनगटावर येई. म्हणून जुन्या गाड्यांत स्टिअरिंगपाशी ठिणगीची वेळ मागे घ्यायचा दांडा असे. म्हणूनच हँडल धरताना अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा धडा ड्रायव्हरकीत पहिला होता. आपल्या खेड्यांना हा धडा मोटारीने नव्हे, विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने दिला. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काळात हाताने फिरवायचे डिझेल इंजिन विहिरीवर, पिठाच्या गिरणीत सगळीकडे पोचले. त्यामुळे ग्रामीण माणसाच्या हाताला हँडल आधी आणि सेल्फ नंतर, असा क्रम लागला.

सेल्फचा जन्म अमेरिकेतला. चार्ल्स केटरिंग हा इंजिनिअर डेटन शहरात गल्ला मोजणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत काम करी. त्याने दुकानाच्या गल्ल्याला विजेची मोटर बसवली. गल्ल्याचा खण उघडायला क्षणभरच जोर लागतो. तेव्हा सतत चालणारी मोठी मोटर कशाला हवी? लहान मोटरला क्षणभर तिच्या कुवतीबाहेर राबवून घ्यावे, मग विश्रांती द्यावी. हीच युक्ती पुढे त्याने मोटारीला लावली आणि १९१२च्या कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर आला. हँडलच्या झटक्याने एका मोटारउद्योजकाचा जीव गेला आणि त्या हळहळीतून हा शोध लागला, अशी एक कथा सांगतात. तिच्या तपशिलांवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. मोडलेली मनगटे मात्र खरीच होती.

केटरिंगची ही युक्ती ध्यानात ठेवली पाहिजे, कारण साऱ्या लपंडावाचे मूळ तिथे आहे. मोटारीतले दिवे, हॉर्न, वायपर यांना दोनचार, फार तर दहा अँपिअर प्रवाह लागतो. सेल्फला क्षणभर का होईना, शंभर-दीडशे अँपिअर आणि सुरुवातीच्या झटक्याला त्याहूनही जास्त लागतो. गाडीतली बाकीची वीज म्हणजे नळाची धार म्हटली, तर सेल्फची वीज धरणाचा दरवाजा उघडल्यासारखी असते. धारेला जो कचरा आड येत नाही, तो लोंढ्याला आड येतो.

मुंबईत मोटारी जोडायचे काम परकीय कंपन्यांनी सुरू केले. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि पाठोपाठ फोर्ड आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद मात्र देशी कारखान्यासाठी झगडत होते. १९३०च्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी मुंबईत मोटार कारखाना काढायची योजना मांडली होती. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन आधी फोर्डचे दार ठोठावले, मग क्रायस्लरशी करार केला. युद्धकाळात इंग्रज सरकारने या कारखान्याला साथ दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली.

म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या मिस्त्रीच्या दारात तीन घराण्यांच्या गाड्या उभ्या असत. मॉरिससारख्या ब्रिटिश गाडीत बारा व्होल्टची बॅटरी, पण तिचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले. इटालियन फियाटमध्ये बारा व्होल्टच, पण सांगाडा निगेटिव्ह. अमेरिकन गाडीत आणि युद्धातून आलेल्या जीपमध्ये अवघे सहा व्होल्ट. त्या जीपचा सेल्फ तर किल्लीने लागतच नसे. फरशीवरची कळ बुटाने दाबायची. एका गाडीच्या सवयीने दुसऱ्या गाडीची बॅटरी उलटी जोडणारे शिकाऊ पोर मिस्त्रीची चापट खाई.

सहा व्होल्टचे गणित इथेच सांगतो. तेवढेच काम करायला सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. वाटेत एखादा सांधा गंजलेला असेल तर त्याच्यावर दुप्पट व्होल्ट खर्च होतात, आणि खर्चायला मुळात असतात निम्मेच. त्यामुळे तोच सांधा चौपट त्रास देतो. जुनी जीप ‘धक्क्याची गाडी’ म्हणून बदनाम झाली त्यात हा भाग मोठा होता.

सन १९५३मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की नुसते भाग आणून जोडणाऱ्यांना देशात थारा नाही. जे टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवतील त्यांनीच राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. कुर्ल्याला फियाट ११०० आली. १९६४ साली तिचे ‘डिलाइट’ झाले, सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात ‘प्रेसिडेंट’ आणि मग चितोडच्या राणीच्या नावावरून ‘पद्मिनी’. आत इंजिन तेच, १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे.

पण देशी गाडी म्हणजे एका छपराखाली बनलेली गाडी नव्हे. पत्रा आणि इंजिन कुर्ल्याचे. प्लग १९५१ साली बंगळूरला सुरू झालेल्या मायकोचे. सेल्फ, डायनामो, डिस्ट्रिब्युटर हा विजेचा संसार १९६१ साली मद्रासजवळ पाडी इथे उभ्या राहिलेल्या लुकास-टीव्हीएसचा. बॅटरी आणखी कुठली. गाडी विकत घेतल्यावर आठ-दहा वर्षांत त्यात बाजारचे, बनावट, गुंडाळून दिलेले भाग शिरत. नवीन आरमेचर परवडत नाही म्हणून जुन्याला तांब्याची तार पुन्हा भरायची. कार्बन मिळत नाहीत म्हणून मोठे कार्बन घासून बसवायचे. कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडून खाली घ्यायचा. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबण्याच्या त्या काळात ही हौस नव्हती, दुसरा इलाज नव्हता. प्रत्येक दुरुस्तीबरोबर गाडीत एकेक सांधा वाढत गेला.

आता प्रत्यक्ष बिघाडाकडे येतो. चांगल्या भरलेल्या बॅटरीत १२.६ व्होल्ट असतात. शिशाचे सहा घर, प्रत्येकात २.१. सेल्फ मारल्यावर ते साडेदहाच्या आसपास उतरतात, हे स्वाभाविक. समजा वाटेतल्या एका सांध्यात गंजामुळे ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आहे. दीडशे अँपिअर प्रवाहाला तो दीड व्होल्ट खातो. साडेदहातले दीड गेले की नऊ उरतात. थंड इंजिन, घट्ट झालेले तेल, थोडी उतरलेली बॅटरी, एवढे जुळून आले की सेल्फ ‘कट्’ म्हणून गप्प. पण त्याच सांध्यातून एका हेडलाइटचे चारेक अँपिअर जात असतील, तर तिथे व्होल्टाचे फक्त चार शतांश पडतात. दिवा लख्ख जळतो. हॉर्न खणखणीत वाजतो. मालक म्हणतो, बॅटरी तर ठणठणीत आहे! तो खोटे बोलत नसतो. त्याने विचारलेला प्रश्नच सांध्याला अडचणीत आणणारा नसतो.

म्हणून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन दिवा नुसता लावून पाहत नाहीत. दिवा लावून ठेवतात आणि मग म्हणतात, ‘भाऊ, सेल्फ मारा बरं.’ नजर सेल्फवर नसते, दिव्यावर असते. दिवा पार मावळला आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी बसलेली, किंवा बॅटरीचे टर्मिनल खराब, किंवा सेल्फ कुठेतरी अडकून प्रवाह ओढतो आहे. दिवा जसाच्या तसा राहिला आणि सेल्फ मुका, तर वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मग किल्ली, बारीक तार, सोलेनाइड किंवा इंजिनाची अर्थिंग पाहायची. एका बल्बवर आणि एका नजरेवर अर्धी गाडी तपासून झाली. मी पाहिलेल्या निदानाच्या पद्धतींत इतकी काटकसरी दुसरी नाही.

अर्थिंगचा मुद्दा जरा खोलात सांगितला पाहिजे, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते. गाडीत वीज जाताना तारेने जाते, परत येताना सांगाड्यातून येते. पण इंजिन सांगाड्यावर थेट बसलेले नसते, हादरे बसू नयेत म्हणून रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असते. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी लावलेली असते. ती गाडीखाली, तेलात, चिखलात असते. तिचे धागे एकेक करून तुटतात, टोकाला हिरवट गंज चढतो. इंजिन जरा हलले की उरलेले धागे टेकतात, पुन्हा हलले की सुटतात. ‘कधी घेते, कधी घेत नाही’चा हा सर्वांत जुना मानकरी.

पट्टी पुरती तुटली तरी वीज हटत नाही, दुसरी वाट शोधते. डॅशबोर्डापासून कार्बोरेटरपर्यंत गेलेली चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची पोलादी केबल तिला सापडते. दीडशे अँपिअरचा लोंढा त्या काडीएवढ्या केबलीतून जाऊ पाहतो. सेल्फ रडतखडत फिरतो आणि चोकची केबल हाताला चटका देण्याइतकी तापते. नवखा माणूस चोक बदलतो. जाणता माणूस गाडीखाली शिरून पट्टी बघतो. मल्टिमीटर खेड्यापाड्यात पोचायच्या आधी सांधा ओळखायची रीत हीच होती : दोनचारदा सेल्फ मारायचा आणि मग एकेका टर्मिनलला हात लावायचा. गरम लागेल तो चोर. हिशेबही बरोबर बसतो. शंभरावा भाग ओहम आणि दीडशे अँपिअर म्हणजे त्या एका नटबोल्टापाशी सव्वादोनशे वॅट उष्णता. मीटर आल्यावर तेच काम सभ्यपणे होऊ लागले. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचे. काटा अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर परतीची वाट बिघडलेली. हे मोजमाप सेल्फ मारत असतानाच करायचे असते. उभ्या गाडीत तो सांधा निर्दोष दिसतो.

लपंडावाची बाकीची कारणेही अशीच प्रसंगावर अवलंबून असतात. गरम इंजिन घेत नाही आणि थंड झाल्यावर घेते, यामागे बहुधा सोलेनाइड असतो. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पन्नास अंश तापले की वीस टक्के. किल्लीतून, चार जोडांतून, बारीक तारेने आधीच थकून आलेली वीज तापलेल्या सोलेनाइडला ओढायला कमी पडते. अर्धा तास चहा पिऊन आले की गाडी सुरू. चहावाल्याच्या धंद्याला सोलेनाइडने लावलेला हातभार कोणी मोजलेला नाही.

दुसरे कारण दातांचे. सेल्फचे लहान चाक, गॅरेजच्या भाषेत बेंडिक्स, फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून इंजिन फिरवते. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाचे आडनाव मराठी गॅरेजात सुट्या भागाचे सामान्यनाम होऊन बसले आहे. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना दाबाच्या विरोधात थांबते, म्हणून ते फ्लायव्हीलच्या साधारण दोनच जागी, समोरासमोर थांबते. बेंडिक्स वर्षानुवर्षे त्याच दोन जागी आदळतो आणि तिथलेच दाते झिजतात. इंजिन नेमके तिथे थांबले तर खर्रर्र आवाज, जरा पुढे थांबले तर सुरळीत. यावर रस्त्यावरचा तोडगा सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी गिअरमध्ये टाकून थोडी ढकलायची म्हणजे फ्लायव्हील सरकते, मग न्यूट्रल करून पुन्हा किल्ली. गाडीला हलवल्यावर ती ‘मानते’ असे जे म्हणतात, ते असे शब्दशः खरे आहे. कॉम्युटेटरची एखादी पट्टी मेलेली असली आणि कार्बन तिच्यावर थांबला तर पान्याने सेल्फवर टकटक करून काम भागते. हा मंत्र नाही, कार्बन जागचा हलतो इतकेच.

डायनामोच्या गाड्यांचे एक स्वतंत्र दुखणे होते. इंजिन हळू फिरत असताना डायनामो भरणा करत नाही. दादरच्या सिग्नलपासून भायखळ्यापर्यंत रांगेत, दिवे लावून, पावसाळी रात्री सरकणारी टॅक्सी बॅटरीतून खात राहते. कटआऊटचे पॉइंट चिकटले तर रात्रभर बॅटरी डायनामोतून रिकामी होते आणि सकाळी ड्रायव्हर बॅटरीवाल्याला शिव्या देतो. पुढे अल्टरनेटर आला आणि हे दुखणे बरेचसे संपले. सांध्यांचे संपले नाही.

ही झाली शहरातल्या गाडीची कथा. आमच्याकडे, बुलढाणा जिल्ह्यात, तिचा दुसरा अंक आहे. मेहकर तालुक्याला आजही रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. घाटावरच्या माणसाला घाटाखाली जायचे तर रस्ता हाच आधार. त्यामुळे शहरात म्हातारी झालेली गाडी तालुक्याच्या गावी येऊन पुन्हा तरुण होई. शहरी वाचकाला ‘काळी-पिवळी’ म्हटले की फियाट आठवते. आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ टपापर्यंत माणसे भरलेली जीप असा आहे. तिच्यात दर थांब्याला इंजिन बंद करून डिझेल वाचवायचे, म्हणजे दिवसातून शेकडो वेळा सेल्फ. शहरातल्या मोटारीचा सेल्फ जितका राबत असेल त्याच्या कित्येक पट तो इथे राबला.

यातून एक भूगोलही तयार झाला. बाजाराच्या गावी जुने ड्रायव्हर गाडी कुठे लावतात ते पाहावे. सावली नव्हे, उतार बघतात. ट्रॅक्टरचेही तेच. ज्या घरापुढे मातीचा लहानसा चढ मुद्दाम केलेला आहे, त्या घरचा ट्रॅक्टर सेल्फवर नाही हे पाहुण्याला न विचारता कळते. धक्का मारायला चार माणसे लागतात, उताराला एकही लागत नाही.

हिवरा आश्रमला शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात पौषात विवेकानंदांचा जन्मोत्सव होतो. महाप्रसादाला लाखोंची पंगत बसते आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांमधून पंगतीत फिरते. बाहेरच्यांना नवल वाटते ते भाजीच्या कढयांचे आणि पंगतीच्या शिस्तीचे. सेल्फचा अभ्यास करणाऱ्याची नजर ट्रॅक्टरांकडे जाते. पौषातली घाटावरची पहाट बॅटरीला सर्वांत वाईट. थंडीत तेजाबातली क्रिया मंदावते, तेल घट्ट होते, आणि उन्हाळ्यात चाळिसाच्या वरच्या तापमानात ज्या बॅटरीचे पाणी आटून पट्ट्या उघड्या पडल्या असतील ती त्याचा हिशेब आता चुकता करते. उन्हाळ्यातले दुखणे हिवाळ्यात दिसते, हे बॅटरीचे वैशिष्ट्य. म्हणून आमच्याकडे चांगला बॅटरीवाला मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन मागे लागतो, आणि पौषात ज्यांनी ऐकले नाही ते त्याच्या मागे लागतात.

ही सारी विद्या तोंडी राहिली. मराठीत उद्योगधंद्याविषयी लिहायची परंपरा नव्हती असे नाही. नागपूरच्या ‘उद्यम’सारखे मासिक त्याच कामाला वाहिलेले होते. पण तिथे भर असे तो नवीन काही बनवण्यावर. दोष कसा हुडकावा, शंका कोणत्या क्रमाने घ्यावी, हे गॅरेजात पोराने उस्तादाच्या मागे कंदील किंवा बॅटरीचा दिवा धरून उभे राहून शिकायचे. परिभाषा घडवणाऱ्यांनी इकडे लक्ष दिले असते तर त्यांना फार कष्ट पडले नसते. ‘सेल्फ उचलत नाही’ आणि ‘सेल्फ घेतो पण गाडी घेत नाही’ या दोन वाक्यांत दोन वेगळ्या बिघाडांचे नेमके वर्गीकरण आहे. पहिला दोष बॅटरी ते सेल्फ या वाटेवरचा. दुसरा कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लग या वाटेवरचा किंवा पेट्रोलचा. रोजच्या बोलण्यातली ही भेदरेषा कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभली असती.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. किमान एक गाडी जतन करावी अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, कोणी रंगाबद्दल लिहिले, कोणी टपावरच्या कॅरिअरबद्दल. या गाड्यांची वायरिंग तोंडपाठ असलेल्या माणसांबद्दल मला तरी फारसे वाचायला मिळाले नाही. त्यांतले काही आता स्कॅनर लावून नव्या गाड्यांचे कोड वाचतात, काहींनी दुकान मोबाइलच्या कव्हरांना भाड्याने दिले.

दुसरीकडे खाजगी पद्मिनी मात्र वयात येते आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, दहा वर्षांची मुदत, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा. पहिल्या पद्मिनींची पन्नाशी आता उलटली आहे. त्यामुळे कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेल्या गाड्या बाहेर निघत आहेत, डेंटिंग-पेंटिंग होऊन चकाकत आहेत आणि प्रदर्शनाच्या मैदानावर सुरू होत नाहीत. कारण बहुधा एकच असते. पेंटरने सांगाडा इतक्या निगुतीने रंगवलेला असतो की अर्थिंगच्या बोल्टाखालीही रंगाचे तीन थर बसलेले असतात. रंगातून वीज जात नाही. बोल्ट काढून, तेवढी टिकलीएवढी जागा खरवडून धातू उघडा करायचा, पट्टी पुन्हा आवळायची आणि वरून व्हॅसलीन लावायचे, हे दहा मिनिटांचे काम. पण चकचकीत रंग खरवडायला मालकाचा जीव होत नाही. मग नवा, जास्त ताकदीचा सेल्फ बसवतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अल्टरनेटर, मोठी बॅटरी असे एकेक चढते आणि मूळ स्वरूप जपायच्या नादात मूळ स्वरूपच जाते.

माझे मत असे की रिले बसवायला हरकत नाही. किल्लीवरचा भार कमी होतो, तार कापावी लागत नाही आणि उद्या काढूनही टाकता येतो. सेल्फ मात्र जुनाच ठेवावा, आरमेचर भरून घ्यावे, बुश बदलावे. तो लुकासचा सेल्फ ज्या जोराने, ज्या आवाजात इंजिन फिरवतो तो आवाज त्या गाडीचा भाग आहे. अडचण एवढीच की आरमेचर हाताने भरून देणारे दुकान आता जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावे लागते. पाण्याच्या पंपाच्या मोटरी भरणारे आहेत, ते ‘मोटारीचं आता नाही करत भाऊ’ म्हणतात. तार सापडली तर कार्बन सापडत नाही.

ज्या गाड्या वाचत नाहीत त्या भंगारात जातात, आणि भंगारवाल्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरी, तिच्यात शिसे आहे. मग सेल्फ आणि डायनामो फोडून तांबे. त्यानंतर वायरिंगचा जुडगा ओढून बाहेर काढतो आणि त्याच हाताने गाडीखाली जाऊन इंजिनाची अर्थिंगची पट्टी तोडतो. ती कुठे असते हे त्याला बरोबर माहीत असते. पत्र्याची पाळी सर्वांत शेवटी येते.